मधपाळांचं मंडळ उभं करायचं असेल तर

मधपाळांचं मंडळ काढायचं म्हटलं की लोक आधी नाव शोधतात, मग शिक्का करून घेतात, मग नोंदणीला काय काय लागतं ते विचारत तालुक्याला फेऱ्या मारतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी पेट्या उघडा. कुणाच्या तरी परड्यात पाच-सहा माणसं जमवा, एक पेटी उघडा, प्रत्येकाच्या हातात एकदा तरी पोळ्याची लाकडी चौकट जाऊ द्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या परड्यात. असा एक हंगाम गेला आणि माणसं न बोलावता यायला लागली की मंडळ झालंच म्हणून समजा. कागद मागाहून होतो.

मी सातारा जिल्ह्यात, जावळीच्या डोंगराकडच्या अंगाला राहते आणि आमच्या मंडळाची चिटणीस आहे. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यात मधाचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आलेला. तिथलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि तेव्हापासून आमच्याकडेही चौकशीला माणसं यायला लागली. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: गावात दहा-पंधरा जणांनी पेट्या घेतल्यात, आता पुढे काय करायचं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पेटी एकट्याला सांभाळता येते, मग मंडळ कशाला, असंही कुणी विचारतं. सातेरी माशी, म्हणजे आपल्या पेट्यांतली देशी मधमाशी, चाऱ्यासाठी किलोमीटर-दीड किलोमीटर जाते. म्हणजे माझ्या पेटीचं पोट वरच्या वाडीतल्या जांभळींवर चालतं आणि तिचा जीव खालच्या आळीतल्या फवारणीवर टांगलेला असतो. एकाच्या पेटीत रोग शिरला तर तो आठवड्याभरात शेजारच्या पेटीत जातो. मधयंत्र, म्हणजे पोळं न मोडता मध काढायचं यंत्र, एकट्याने घ्यायचं तर वर्षातले मोजके दिवस वापरायला घेतल्यासारखं होतं. ही कामं मिळूनच करायची आहेत.

कुणाला बोलवायचं

पेटीवाल्यांना तर बोलवाच. पण रानातून मोहोळ काढणाऱ्या जुन्या माणसांशिवाय मंडळ सुरू करू नका. आमच्याकडे धनगरवाड्यावरची आणि कातकरी वस्तीतली अशी माणसं आहेत, ज्यांच्याकडे एकही पेटी नाही, पण कुठल्या कड्याला आग्या मोहोळ कधी बसतं, हिरड्याला यंदा मोहर कसा आहे, हे ती चालता चालता सांगतात. आमच्यातले एक म्हातारेबाबा उन्हाळ्यात ओढ्याच्या काठी बसून राहतात. पाण्याला आलेली माशी पोटभर पाणी पिऊन उठते तेव्हा एक-दोन घिरट्या घेऊन सरळ मोहोळाच्या दिशेने निघते. ती किती वेळाने परत येते यावरून मोहोळ किती लांब आहे त्याचा ते अंदाज बांधतात, आणि ढोली शोधून देतात. अशा माणसाला वर्गणी मागायची नाही. उलट वसाहत, म्हणजे राणीसकट माश्यांचं सगळं कुटुंब, दाखवल्याबद्दल मंडळाने त्यांना ठरलेला मोबदला द्यायचा, तोही हातोहात.

तिसरी मंडळी म्हणजे पेट्या न ठेवणारे शेतकरी. इकडे स्ट्रॉबेरी आहे, वेलवर्गीय भाज्या आहेत, खाली आंबा आहे. काकडी, दोडका, भोपळ्याच्या मादी फुलावर माशी फिरली नाही तर फळ धरत नाही, आणि स्ट्रॉबेरीला परागीभवन अर्धवट झालं तर फळ वेडंवाकडं येतं. हे शेतकरी मंडळात असले की फवारणीचं बोलणं सोपं जातं. त्याबद्दल पुढे सांगते.

आणि बायकांना घ्या. पेटी घराजवळ असते, दुपारी थवा उठला, म्हणजे राणीसह माश्या नवं घर शोधायला निघाल्या, तर घरात बाईच असते. तिला पेटी उघडता येत नसेल तर वसाहत गेलीच. सभासदत्व घरटी एक न ठेवता माणशी ठेवा. आम्ही तसं केलं आणि बैठकीला येणाऱ्यांत आता बायका जास्त आहेत.

पेटीपाशी बैठक कशी घ्यायची

महिन्यातून एक सकाळ ठरवून टाका, अमावस्या-पौर्णिमा किंवा बाजाराचा वार धरून, म्हणजे निरोप धाडावा लागत नाही. वेळ नऊ ते अकरा. ऊन हवं. ढगाळ किंवा वारा सुटलेल्या दिवशी पेटी उघडली तर माशी चिडते आणि पिल्लांना गारठा लागतो. एका बैठकीत दोन पेट्या उघडायच्या, एक जोमदार आणि एक अशक्त. सगळ्याच उघडून बसायचं नाही.

फिकट रंगाचे कपडे, अत्तर-सुगंधी तेल नाही, दाराच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. नव्या माणसाला आधीच सांगून ठेवा: माशी चावली तर काटा नखाने किंवा पटाशीच्या (पेटी उघडायच्या चपट्या हत्याराच्या) कडेने चटकन खरवडून काढायचा, मग धूर द्यायचा किंवा ती जागा धुवायची. काटा तिथे राहिला की त्याच्या वासाने आणखी माश्या तिथेच येतात. पिकल्या केळ्यासारखा तो वास आला की ओळखायचं, माश्या बिथरल्यात, झाकण लावून थांबायचं. साध्या चाव्याला सूज येते, ती उतरते. पण कुणाला अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि जवळच्या आरोग्य केंद्राकडे निघा. पूर्वी असा त्रास झालेला माणूस पेटीजवळ येणार नाही, हा आमचा पक्का नियम आहे. त्याला हिशेब, विक्री, शाळेचं काम द्यावं.

आता खरं काम. स्मोकरमध्ये, म्हणजे धूर सोडायच्या भात्याच्या डब्यात, वाळलं शेण किंवा गोणपाटाचा तुकडा पेटवून गार धूर येऊ द्या, दाराशी दोन फुंकर, झाकणाखाली एक फुंकर, तेवढं सातेरीला पुरतं. धूर जास्त झाला तर ती पोळ्यावरून खाली पळते, चौकटीच्या कोपऱ्यात गोळा होते आणि मग काहीच दिसत नाही. कडेची चौकट आधी काढून बाजूला टेकवा, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. चौकट दोन्ही कानांना, म्हणजे वरच्या पट्टीच्या टोकांना, धरून सरळ वर उचलायची, पेटीच्या वरच धरायची आणि उभीच धरायची. आडवी केली तर ताजा मकरंद गळतो, आणि उन्हाने मऊ झालेलं नवं पोळं तुटून हातात येतं. दुसरी बाजू बघायची असेल तर वरची पट्टी उभी करून चौकट फिरवायची आणि पट्टी परत आडवी करायची. हे बोलून समजत नाही, म्हणून प्रत्येकाच्या हातात चौकट द्या. हात थरथरत असेल तर मागे उभं राहून मनगटाला आधार द्या.

पोळ्यात काय बघायचं? नवी माणसं राणी शोधत बसतात. ती दिसली तर छान, पण तिची गरज नाही. ऊन पाठीवरून पोळ्यात पडेल असं उभं राहा आणि घरांच्या तळाशी नजर लावा. तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी प्रत्येक घरात एक-एक, तळाला टेकलेली दिसली की राणी गेल्या तीन दिवसांत तिथे फिरून गेली आहे, कारण तिसऱ्या दिवसानंतर अंड्यातून अळी निघते. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी गेलेली असण्याची शक्यता मोठी, कामकरी माश्याच अंडी घालताहेत. त्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. अशी वसाहत आपोआप सुधारत नाही. ती दुसऱ्या वसाहतीत मिसळून टाकावी.

मग पोळ्याच्या खालच्या कडेला बघा. तिथे शेंगदाण्याएवढी, तोंड खाली असलेली घरं लोंबत असतील तर ती राणीघरं. वसाहत फुटायच्या बेतात आहे. ही वेळ मंडळाच्या सगळ्यांनी मिळून बघण्याची, कारण विभागणी शिकायची ती इथेच. राणीघर असलेली चौकट, पिल्लांच्या एक-दोन चौकटी आणि मधाची एक चौकट दुसऱ्या पेटीत ठेवून वसाहत दोन करता येते. नवी राणी निघाली की आठ-दहा दिवसांत मिलनाला बाहेर जाते. तेवढे दिवस ती पेटी उघडायची नाही. उघडून बघायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि घाबरलेली कोवळी राणी त्यातच जाते.

एकाने वही धरायची. पेटीचा क्रमांक, किती चौकटी माश्यांनी झाकल्यात, अंडी आहेत का, मध किती, पराग कुठल्या रंगाचा, राणीघरं, किडा. चौकट धरणाऱ्याने मोठ्याने बोलायचं, वहीवाल्याने लिहायचं. परागाचा रंग लिहायला आम्ही हट्टाने लावतो. दारातून आत जाणाऱ्या माशीच्या पायांवर कोणता रंग आहे आणि त्या आठवड्यात रानात काय फुललंय, हे जोडत गेलं की काही वर्षांत गावाची स्वतःची फुलोऱ्याची दिनदर्शिका तयार होते. आमच्या वहीत पावसाळ्याच्या अखेरीला तेरडा, सोनकी आणि कारळा, उन्हाळ्यात जांभूळ, गेळा, हिरडा, आणि ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी पानंच्या पानं भरलेली. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा जुनी वही नसेल तर पुढच्या वेळची तयारी कशाच्या आधारावर करणार?

मोहोळ पकडणं आणि वाटून घेणं

भिंतीतलं, ढोलीतलं, वारुळातलं सातेरीचं मोहोळ काढून द्या, असा निरोप गावात कुणाकडूनही येतो. मंडळाने दोघा-तिघांची एक तुकडी त्यासाठी ठेवावी आणि निरोप येतील त्या क्रमाने सभासदांना वसाहती द्याव्यात. यादी भिंतीवर लावा. भांडणं मधापेक्षा वसाहतींवरून जास्त होतात.

काढायचं ते दुपार उतरल्यावर. तोंड मोठं करून पोळी एकेक कापायची. मधाचा भाग वेगळ्या भांड्यात आणि लगेच झाकून, नाहीतर आजूबाजूच्या माश्या आणि मुंगळे जमतात. पिल्लांची पोळी तेवढी चौकटीत बसतील अशी कापून केळीच्या सोपटाने बांधायची. नायलॉनची दोरी नको. सोपट माश्या स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात, तोवर पोळं चौकटीला चिकटलेलं असतं. पोळ्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण घरांचा उतार ठरलेला असतो. राणी सापडली तर तिला छोट्या पिंजऱ्यात घालून चौकटीला लटकवा, बाकीच्या माश्या वासाने मागे येतात. सापडली नाही तर ओंजळीने किंवा सुपलीने माश्या पेटीत घालत राहा. राणी आत गेली की दाराशी कामकरी माश्या शेपटी वर करून पंख हलवायला लागतात आणि बाकीच्यांची रांग आत शिरते. ते दिसलं की हात थांबवा. पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच ठेवा, सगळ्या माश्या आत आल्यावर दार बंद करून न्या.

सातेरीला पळून जायची खोड आहे. नव्या पेटीला पहिले काही दिवस दाराला राणीला बाहेर जाऊ न देणारी राणी-जाळी लावा आणि संध्याकाळी थोडा साखरेचा पाक द्या. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या सभासदाच्या जोमदार पेटीतून घरं अजून मेणाने बंद न झालेल्या अळ्यांची एक चौकट आणून मध्ये घालणं. पिल्लं सोडून माशी सहसा जात नाही. ही चौकट देणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, आणि घेणाऱ्याने पुढच्या हंगामात ती परत करायची. आमच्या मंडळात पैशापेक्षा या चौकटींचा देवघेवीचा हिशेब मोठा आहे.

आमच्या बाजूला कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द लागते. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मोहोळाला हात लावायचा नाही, हे मंडळाच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या. आणि आग्या कुठेही असला तरी जाळायचा नाही. शाळेच्या इमारतीला, पाण्याच्या टाकीला आग्या बसला की लोक टेंभा घेऊन निघतात. मंडळाच्या माणसांनी जाऊन सांगायचं की आग्या हंगामापुरता येतो आणि फुलोरा संपला की आपण होऊन जातो. तोवर त्या बाजूचा वावर बंद ठेवा, खाली धूर करू नका, दगड मारू नका. एकदा अंगावर आलाच तर तोंड-डोकं कपड्याने झाकून सरळ लांब पळत सुटायचं आणि बंद खोलीत शिरायचं, हात झटकत उभं राहायचं नाही.

मधयंत्र, मध आणि पैसा

मंडळाच्या मालकीची पहिली वस्तू मधयंत्र असावी. दुसरी आर्द्रता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर, हे खिशात मावणारं उपकरण. यंत्राला वर्गणी नको, अनामत घ्या, आणि वापरून झाल्यावर कोमट पाण्याने धुऊन, उलटं टाकून, वाळवून पुढच्याला द्यायचं. न धुतलेलं यंत्र नेलं तर एकाच्या पेटीतला रोग दुसऱ्याकडे जातो, म्हणून इथे सवलत देऊ नका.

पोळ्याची तीन-चतुर्थांशाहून अधिक घरं मेणाने बंद झाली असतील तरच ते पोळं काढायचं. उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवून बघा: २० टक्क्यांच्या वर पाणी असेल तो मध बरणीत भरायचा नाही. पेटीच्या खालच्या, पिल्लांच्या कोठ्यातला मध माश्यांचा, वरच्या मधकोठ्यातला आपला. यात कुणी हात मारला तर बैठकीत स्पष्ट बोला. पोळं पिळून काढलेला मध मंडळाच्या नावाने विकू नये. त्यात पराग आणि पिल्लांचा अंश येतो, आणि माश्यांना पोळं पुन्हा बांधत बसावं लागतं, ज्यात त्यांचा पुष्कळ मध खर्च होतो. यंत्राने काढलं तर तेच पोळं परत पेटीत जातं.

गिऱ्हाईक विचारतं, मध गोठलाय, साखर घातलीय का? गोठणं हा मधाचा स्वभाव आहे. कोणत्या फुलाचा मध त्यावर ते ठरतं. बरणी कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ होतो. पाण्यात थेंब टाकून, काडी पेटवून, कागदावर ठेवून शुद्धता कळते असं लोक सांगतात. त्यावर विसंबू नका आणि विकतानाही असले प्रयोग करून दाखवू नका. भेसळ प्रयोगशाळेतच कळते. गिऱ्हाइकाला पेटी दाखवा, काढणीच्या दिवशी बोलवा. बरणीवर काढणीचा महिना, गाव आणि मुख्य फुलोरा लिहा, आणि अन्न सुरक्षेची नोंदणी केल्याशिवाय बाहेर विकू नका. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मध चाटवायची रीत आहे. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते बाळाच्या आतड्यात वाढतात. हे आम्ही बरणीवर ठळक छापतो आणि तोंडानेही सांगतो.

मेण फेकू नका. जुनी काळी पोळी, मधाच्या घरांवरून कापलेल्या मेणाच्या टोप्या गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळायच्या, गार झालं की वर मेणाची वडी येते. मंडळात एकत्र साठवलं तर त्याच्या बदल्यात मेणपत्रे, म्हणजे चौकटीत लावायचे मेणाचे पातळ पत्रे, घेता येतात.

फवारणीचं बोलणं

हे काम कष्टाचं आहे आणि हंगामाच्या आधी करायचं आहे. पेट्यांसमोर माश्यांचा सडा पडल्यावर भांडायला जाऊन काही हाती लागत नाही. फुलोऱ्याच्या आधी शेतकऱ्यांच्या बांधावर जा. मागायचं एवढंच: पीक फुलात असताना शक्यतो फवारू नका, फवारायचंच तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर, भुकटी धुरळू नका, कारण ती परागासारखी अंगाला चिकटून पेटीत जाते, आणि एक दिवस आधी निरोप द्या. इमिडाक्लोप्रिड, थायामिथॉक्झाम यांसारखी औषधं माशीला फार घातक आहेत, हे नाव घेऊन सांगा. निरोप आला की सभासदांनी रात्री दारं जाळीने बंद करायची, पेट्यांवर ओलं गोणपाट टाकायचं, आत हवा खेळती ठेवायची. हा बंदोबस्त एखाद्या दिवसापुरताच चालतो.

बीजोत्पादनाचा कांदा, डाळिंब, सूर्यफूल अशा पिकांसाठी देशावरचे शेतकरी पेट्या भाड्याने नेतात. ते बहुतेक मेलिफेरावाल्यांचं, म्हणजे परदेशी पाळीव माशी ठेवणाऱ्यांचं काम आहे, ट्रकने फिरणाऱ्यांचं. सातेरीच्या पेट्या जवळपास द्यायच्या असतील तर मंडळाच्या नावाने लेखी करार करा. पेट्या शेतात असेपर्यंत फवारणी नाही, हे त्यातलं पहिलं कलम असू द्या. फुलं थोडीफार उमलल्यावर पेट्या न्या; आधी नेल्या तर माश्या दुसऱ्या फुलांची वाट धरतात आणि पीक फुलल्यावरही तिकडेच जात राहतात.

पावसाळा आणि आजारपण

आमच्याकडचा पाऊस म्हणजे जूनपासून माशी जवळजवळ घरातच. मंडळाची खरी परीक्षा या चार महिन्यांत होते, कारण मध मिळत नसतो आणि माणसांचा उत्साह शेतात गेलेला असतो. आम्ही साखर एकदम आणून वाटतो. एका वसाहतीला आठवड्याला साधारण पाव किलो साखरेचा पाक, संध्याकाळी, पेटीच्या आत, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर जोमदार वसाहत अशक्त वसाहतीला लुटते. माश्या झाकू शकत नाहीत अशी रिकामी पोळी काढून घ्या, तळपाट आठ-दहा दिवसांनी खरवडा, नाहीतर मेणकिडा जाळी विणून पोळं खाऊन टाकतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, छपरावर पत्रा आणि वर दगड.

गांधीलमाश्या पावसाळ्याच्या शेवटाला दाराशी टपून बसतात. सातेरी तिला गराडा घालून उष्णतेने मारते, पण अशक्त वसाहतीला ते जमत नाही. तिचं दार एका वेळी एक-दोन माश्या जातील एवढं लहान करा.

आजारांत सगळ्यात जपायचं ते थाई सॅकब्रूडला. या विषाणूने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला. अळी घरात उताणी, टोकाला वर उचललेली, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. चिमट्याने उचलली तर पिशवी सबंध निघते. याला औषध नाही. अशी अळी दिसली की त्याच दिवशी मंडळाला कळवायचं, चौकटींची देवघेव थांबवायची, त्या पेटीची पटाशी-हातमोजे दुसरीकडे न्यायचे नाहीत. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवली तर नव्या अळ्या नसल्यामुळे रोगाची साखळी तुटायला मदत होते. रोग झालेल्याला कुणी बोल लावू नये. लोक लाजून लपवतात आणि मग अख्ख्या खोऱ्यात पसरतो.

कागदपत्रं

एक-दोन हंगाम गेल्यावर नोंदणीचं बघा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सात माणसं लागतात आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. धंदाच मोठा करायचा असेल तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी, त्याला किमान दहा जण. हिशेब तपासणी दरवर्षी करून घ्यायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे: मोफत प्रशिक्षण, साहित्याच्या रूपात ५० टक्के अनुदान, उरलेले ५० टक्के आपले, आणि हमीभावाने मधखरेदी. व्यक्तीला वेगळी आणि संस्थेला वेगळी सोय आहे. खादी मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हेच काम करते. प्रशिक्षणाला नव्यांना एकटं पाठवू नका, जोडीने पाठवा, म्हणजे परत आल्यावर एकमेकांना आठवण करून देता येते. अनुदानाच्या पेट्या आल्या की प्रत्येक पेटीवर तापलेल्या सळईने मंडळाचं चिन्ह आणि क्रमांक डागा. रंगाने लिहिलेला क्रमांक चोर खरवडून टाकतो.

२० मे हा जागतिक मधमाशी दिवस. आमच्याकडे तेव्हा उन्हाळी काढणी बहुतेक उरकलेली असते आणि शाळांना सुट्टी असते, म्हणून आम्ही त्या दिवशी मुलांना बोलावतो. मच्छरदाणी बांधून मुलं आत, पेटी बाहेर. मोठा माणूस चौकट मच्छरदाणीला टेकवून धरतो आणि मुलं बोटं दाखवून नर, कामकरी, राणी शोधतात. नंतर ताज्या मधाबरोबर भाकरी. त्याच दुपारी वर्षाची सभा घ्यायची, वही वाचायची, चौकटींची देवघेव मिटवायची. चिटणीसपद दर दोन वर्षांनी बदला आणि नव्या चिटणिसाने आधीचं वर्षभर वही धरलेली असली पाहिजे. कुणी धंदा सोडणार असेल तर त्याची अनामत तिथेच परत करा. त्याच्या वसाहती बाहेर विकण्याआधी यादीतल्या पहिल्या सभासदाला विचारायचं, आणि पेट्या हलवायच्या त्या रात्रीच.